घर लखूचं, वाटा मिरग्याचा

बायजाच्या तोंडाला लागू नये, असं उळवीच्या वाटेवरच्या त्या दहा-बारा घरांच्या वाडीत लहानथोर सगळेच म्हणत. म्हणत आणि तरी लागत. तिची जीभ तिखट होती हे खरं. पण त्या जिभेवर मिरची कोण वाटत होतं, ते कुणी सांगत नसे. पन्नाशीला टेकलेली, उंच, हाडकुळी बाई. खांद्यावर गाठ मारलेलं लुगडं, हातात सदानकदा काहीतरी काम आणि पायाशी एक तांबूस कुत्रा. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, पोटी मूल नाही. अशा बाईने मान खाली घालून दिराच्या पडवीत राहायला जावं, अशी वाडीची अपेक्षा होती. तिने ती पुरी केली नाही, एवढाच तिचा अपराध.

तिचं घर वाडीच्या अगदी टोकाला. पुढे अंगण, मागे भाताचं एक अरुंद शेत आणि शेताच्या कडेला कणगी-कोनाचे वाफे. पौष लागला की जमिनीतले हे कंद पोसतात आणि ते उकरायला रानडुकरं येतात. एका रात्रीत वर्षाची बेगमी मातीत लोळवतात. म्हणून पौषात वाडीतले सगळे पुरुष कुत्रे घेऊन हाकारा घालायला रानात शिरत. निघण्याआधी मांडावर, म्हणजे वाडीच्या देवाच्या जागेवर, गाऱ्हाणं घातलं जाई. परत आल्यावर त्याच मांडावर पानं मांडून मांसाचे वाटे पडत. गेलेल्या प्रत्येक माणसाला एक वाटा, बंदुकीला एक, गाऱ्हाणं घालणाऱ्याला एक. आणि प्रत्येक कुत्र्याला पुरा एक वाटा, माणसाच्या वाट्याएवढाच. हा कुणी कुणावर केलेला उपकार नव्हता. ती रीत होती.

वाटे पुकारायचं काम म्हाताऱ्या भिकाजीचं. गाऱ्हाणं तोच घाले, वाडीतली एकुलती एक ठासणीची बंदूकही त्याचीच. वय सत्तर, पण आवाज असा की ओढ्यापलीकडे ऐकू जावा. "घर उमाजीचं, वाटे दोन," असं तो पुकारी आणि त्या घरचा माणूस पुढे होऊन पान उचली. उमाजी म्हणजे वाडीचा बुधवंत, वाडीच्या सगळ्या निवाड्यांचा प्रमुख. अशी एकेक हाक होत होत शेवटाकडे भिकाजी म्हणे, "घर लखूचं, वाटा मिरग्याचा."

लखू म्हणजे बायजाचा नवरा. तो हिवतापाने गेला, तरी दर पौषात मांडावर त्याचं नाव घेतलं जाई, कारण त्याच्या घरचा कुत्रा शिकारीला जाई. आणि ते नाव घेतलं जाणं ही काही साधी गोष्ट नव्हती. ज्या घराची हाक मांडावर होत नाही ते घर बुडालं, असं त्या वाडीत धरत. बुडालेल्या घराची जमीन भाऊबंदांकडे जाई. भाऊबंद म्हणजे इथे एकच, लखूचा धाकटा भाऊ परशू. त्याचं कुंपण बायजाच्या शेताला लागून होतं आणि आठ वर्षं ते कुंपण त्याच्या डोळ्यांत सलत होतं.

मांसाचं बायजाला फारसं अप्रूप नव्हतं. एखादी फोड ती खाई, बाकीचं शिजवून मिरग्याला घाली. तिला ती हाक हवी असे. वर्षातून एकदा, चार शब्द, सगळ्या वाडीच्या देखत. त्या चार शब्दांवर ती पुढचं वर्ष काढी.

कॅसलरॉकला रेल्वे येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. मरणाच्या चार वर्षं आधी लखू तिकडे रुळांखालचे ओंडके वाहायच्या कामाला गेला होता, तिथून येताना त्याने घोंगडीत गुंडाळून हे पिल्लू आणलं. मृग नक्षत्रावर जन्मलं म्हणून मिरग्या. त्याची ख्याती अशी की तो उगीच कधी भुंकला नाही. मिरग्या भुंकला म्हणजे झुडपात डुक्कर आहेच, हे पोरासोरांनाही माहीत. किती पौष त्याने एकट्याने डुकरं उठवली आणि बाकीच्यांनी मिशांना पीळ भरला, याचा हिशेब वाडी आता विसरली होती. उपकार विसरायला माणसाला वर्षं लागत नाहीत, एक हिवाळा पुरतो.

तो हिवाळा आला दोन वर्षांपूर्वी. एका पौषातल्या सकाळी मिरग्याने पुढचे पाय टेकले, अंग उचललं आणि मागचे पाय काही केल्या येईनात. तो पुन्हा बसला आणि बायजाकडे अशा नजरेने पाहू लागला की जणू त्याच्याच हातून काही चुकलं आहे. बायजाला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. ऊन वर आलं तसा तो उठला, लंगडत चालला, दुपारी बरा दिसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

भिकाजीला विचारावं, तर त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. "गारठा सांध्यात बसलाय," तो म्हणाला. "आत बसलेला गारठा आगीबिगर उठत न्हाई. डाग दे." त्या वाडीत अंगावर डाग नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. पोट दुखलं की डाग, बैल बसला की डाग, तान्ह्या पोराला आकडी आली की डाग. बायजाने वर्षभर ते टाळलं, पण गेल्या साली पौषाच्या तोंडावर परशू विळा तापवून आला. मिरग्याचं तोंड बायजाने स्वतः धरलं. डाव्या मागच्या गुडघ्यावर लाल विळा टेकला, केस जळल्याचा वास सुटला, कुत्रा सगळ्या अंगाने थरथरला. त्या वेळी तो तिच्या हाताला चावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो चावला नाही.

ती जखम शिमग्यापर्यंत वाहत होती. भरली तेव्हा कातडी आखडून बसली होती आणि गुडघा पहिल्यापेक्षा निम्मासुद्धा वळत नव्हता. तरी जखम ओली असतानाच त्या पौषात तो तीन पायांवर हाकाऱ्याला गेला आणि तशाच अवस्थेत त्याने डुक्कर उठवलं. हाक झाली, वाटा मिळाला. पण परशूच्या कपाळाला आठी पडली ती बायजाने पाहिली. डाग देणाऱ्यावर तिचा राग होताच. त्याहून मोठा राग तोंड धरणाऱ्या आपल्या हातांवर होता. ते हात ती पुढे कित्येक दिवस लुगड्याला पुसत असे.

यंदा मळणी संपली आणि वाडी मांडावर जमली. उमाजी बुधवंत घसा खाकरून म्हणाला, "ऐका. यंदापास्नं गाऱ्हाण्याच्या वक्ताला जो कुत्रा आपल्या पायांनी मांडावर हुबा असंल, त्यालाच वाटा. घरात निजलेल्या कुत्र्याला वाटा न्हाई."

वाडीत कुत्रे सहा. त्यातला सकाळी घरात निजून राहणारा एकच. हा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला हे ओळखायला बायजाला फार लांब पाहावं लागलं नाही. परशू जमिनीकडे बघत काडीने रेघोट्या मारत होता. बायका आणि कुत्रे मांडाच्या कडेच्या दगडांबाहेर उभे राहत. तिथूनच तिने विचारलं, "आपल्या पायांनी म्हंजी?"

"म्हंजी चालत."

"आणि चालत आला, हुबा ऱ्हायला, तर?"

"तर वाटा."

"समद्यांनी ऐकलं न्हवं?" ती म्हणाली. सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवायला काही जात नाही.

दुसऱ्या दिवशी परशू कुंपणाशी आला. आवाज अगदी मऊ करून म्हणाला, "वैनी, कशाला जिवाला तरास? कुत्रं म्हातारं झालं. एकटीनं घर तरी किती दिस धरशील? आमच्याकडं ये. शेताचं मी बघीन."

"भावजी, शेत बघायला तुमास्नी डोळं हायत, ते मला ठावं हाय," बायजा म्हणाली आणि कुंपणावरचं सुकलेलं लुगडं ओढून घेऊन आत गेली.

आता पुढचं औषध तिला कुणी वैद्याने सांगितलं नाही, ते खुद्द मिरग्याने दाखवलं. त्या दिवसांत घरोघर भात उकडायचं काम चाललेलं असतं. अंगणात तीन दगडांवर मोठा हंडा चढतो, भात उकडतं, मग हंडा उतरून भात वाळत घालतात. हंडा उतरला तरी दगड बराच वेळ उबदार राहतात. मिरग्या घसटत घसटत त्या दगडांपाशी जाई आणि आपला मागचा सांधा दगडाला लावून डोळे मिटून पडे. घटकाभराने उठे तो तरण्या कुत्र्यासारखा. बायजाने हे तीन दिवस पाहिलं. भिकाजीने सत्तर वर्षांत जे पाहिलं नव्हतं ते तिला कळलं. सांध्याला आग नको, ऊब हवी, आणि तीही दमादमाने.

तिने लखूचं जुनं मुंडासं पेटीतून काढलं, दुपदरी करून त्याची पिशवी शिवली. दोन शेर कोरडं भात खापरात मंद आचेवर परतून त्या पिशवीत भरलं. पिशवी आधी आपल्या गालाला लावून पाही. गालाला सोसली तरच कुत्र्याच्या अंगाला. एकेका सांध्यावर ती निवेपर्यंत धरायची, मग करंजेल बोटावर घेऊन सांध्याभोवती चोळायचं, डागाच्या व्रणाला मात्र हात लावायचा नाही. करंजेल कडू, कुत्र्याने चाटू नये म्हणून वर चिंधी गुंडाळायची. नंतर पाय हळूच वाकवायचा, तो कुरकुरला की तिथेच थांबायचं. शेवटी अंगणात सावकाश पाच फेऱ्या. त्याचं अंथरूणही तिने बदललं. ओल्या जमिनीवरून उचलून फळकुटांवर बांबूच्या कामट्यांचा रुंद हारा ठेवला, त्यात खाली तूस, वर पेंढा. खाणंही थोडं कमी केलं, कारण अंगावर मांस वाढलं तर तेही त्याच चार पायांनी पेलायचं होतं. पहिल्या आठवड्यात फरक दिसेना. ती चिडली, पण थांबली नाही. दुसऱ्या आठवड्यात मागचा उजवा पाय सकाळीच टेकू लागला.

वाडीला मात्र हसायला निमित्त मिळालं. ओढ्यावर भिकाजीची सून फुला सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बायजक्का, कुत्र्याला मुंडाशानं शेकतीस म्हणं. आता धोतर कवा नेसवतीस?"

बायका फिदीफिदी हसल्या. बायजाने कळशी बुडवली, वर काढली आणि म्हणाली, "तुज्या सासऱ्याच्या डागानं त्येचा पाय गेला, फुले. माज्या नवऱ्याच्या मुंडाशानं आला तर येऊ दे की."

हाकाऱ्याचा दिवस उजाडला तो दाट धुकं घेऊन. पहिल्या कोंबड्याला बायजा उठली, चूल पेटवली, भात परतलं. चारही सांधे तिने एकामागून एक शेकले, चोळले, वाकवले. घाई मनात होती, ती तिने हातात येऊ दिली नाही. मिरग्या उठला. पुढचे दोन, मागचा उजवा आणि सगळ्यांत शेवटी डाव्या पायाची बोटं जमिनीला लागली. फेऱ्या झाल्या. मग दोघं निघाली. वाटेत परशूच्या कुंपणाजवळचा बांध आला, तिथे तिने आदल्या दिवशीच फळी टाकून ठेवली होती. उचलून घेतला असता तर 'आपल्या पायांनी' म्हणणाऱ्यांना बोलायला जागा मिळाली असती. तो आपल्या पायांनी फळी चढला आणि उतरला.

तांबडं फुटताना ती मांडावर पोचली. बाकीचे कुत्रे अजून यायचे होते. पुरुष मांडावरच्या शेकोटीभोवती बसले होते. उमाजीने मिरग्याकडे पाहिलं, बायजाकडे पाहिलं आणि "आला व्हय," एवढंच म्हणाला. बायजाच्या छातीत आनंद मावेना, पण तिने तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

सगळे आले. सहाही कुत्रे आले. गाऱ्हाणं मात्र सुरू होईना.

"कशाची वाट बगतायसा?" बायजाने विचारलं.

"भिकाजीअण्णा आलं न्हाईत अजून," उमाजी म्हणाला. "झोळी घिऊन माणसं गेल्यात आणायला. म्हातारं माणूस. थंडीत गुडघं धरत्यात त्येंचं. थांबाय पायजे जरा."

"गुडघं धरत्यात," बायजा म्हणाली. पुढचं तिने गिळलं. या वेळी भांडण नको होतं, वाटा हवा होता.

ते जरा म्हणजे किती? धुकं अंगावरून ठिबकत होतं. शेकोटी मांडाच्या दगडांच्या आत, आणि आत ना बाईला जागा ना कुत्र्याला. घरी जाऊन पिशवी पुन्हा गरम करून आणावी, तर तेवढ्यात भिकाजी आला आणि गाऱ्हाणं उरकलं तर? बायजाने आपल्या अंगावरची घोंगडी काढून मिरग्यावर टाकली, खाली बसून त्याचे मागचे पाय आपल्या मांडीत घेतले आणि हाताने चोळत राहिली. हातच गार पडले होते, त्यांनी काय ऊब देणार? शेकोटीपाशी पुरुष तंबाखू मळत होते. एकालाही वाटलं नाही की एक पेटतं लाकूड दगडापलीकडे सरकवावं. मांडीतला पाय हळूहळू कडक होत गेला, तो तिला आतून कळत होता.

झाडांच्या शेंड्यांवर ऊन आलं तेव्हा झोळी आली. बांबूला बांधलेल्या घोंगडीत भिकाजी, हातात बंदूक. चौघांनी त्याला उचलून देवापुढे टेकवला. गाऱ्हाणं सुरू झालं. बायजाने मिरग्याला उठवलं. तो कण्हला, तरी उठला, आणि भिकाजी देवाला वाडीतल्या गुराढोरांची, शेतापिकाची नावं सांगत होता तेवढा सगळा वेळ आपल्या चार पायांवर उभा राहिला. सगळ्यांनी पाहिलं. मग "चला" झालं, पाच कुत्रे रानाकडे सुसाट सुटले. मिरग्या चार पावलं गेला. पाचव्या पावलाला मागचे पाय दुमडले आणि तो वाटेतच बसला. रानाकडे तोंड करून एकदा बारीक आवाजात रडला. बायजा त्याच्याजवळ बसून राहिली, माणसं तिला वळसा घालून गेली आणि भिकाजीची झोळीही डुलत डुलत त्यांच्यामागून गेली.

संध्याकाळी एक डुक्कर आलं. उमाजीच्या भाल्याने पडलं होतं. भिकाजी दिवसभर माचावर बसला आणि बंदूक छातीशी धरून घोरला, हे आणणारेच हसत हसत सांगत होते. पानं मांडली. "घर उमाजीचं, वाटे दोन," भिकाजीने पुकारलं. "घर भिकाजीचं, वाटे तीन." एक त्याचा, एक न वाजलेल्या बंदुकीचा, एक गाऱ्हाण्याचा. स्वतःचं नाव घेताना त्याचा आवाज जराही कापला नाही. असं होत होत लखूच्या नावाची पाळी आली. भिकाजीने तोंड उघडलं आणि परशू म्हणाला, "मांडावर आला, पण रानात शिरला न्हाई."

उमाजी विस्तवाकडे पाहू लागला. भिकाजीने उघडलेलं तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं. "घर परशूचं, वाटे दोन."

बायजाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मांडावर बाई बोलत नाही, ती बोलली. "बुधवंत, गाऱ्हाण्याला हुबा असंल त्याला वाटा, ह्येच तुमचं बोल. मिरग्या हुबा हुता का न्हवता?"

"हुता," उमाजी पुटपुटला. "पर..."

"भिकाजीअण्णा आपल्या पायांनी आलं का? रानात आपल्या पायांनी शिरलं का? बंदूक वाजली का त्येंची? त्येंस्नी तीन वाटं. आणि ह्येच्या येका वाट्याला तुमच्या तोंडातनं शबूद निघंना."

"माणसाची आणि कुत्र्याची बरोबरी करतीस?" उमाजीचा आवाज चढला.

"न्हाई करत," बायजा म्हणाली. "त्यो तुमच्यासाठी थंडीत हुबा ऱ्हायला, सांधं धरस्तोवर. त्येच्यासाठी तुमच्यातलं कुणी घटकाभर ऱ्हायलं नसतं. बरोबरी कशी करू?"

भिकाजीने मान फिरवली आणि तीन पानं उचलायला सुनेला खूण केली. बायजा घरी आली, चूल पेटवली आणि पिशवी गरम केली. त्या चार शब्दांवाचून आता पुढचं वर्ष होतं, आणि कदाचित घरही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी परशू तिच्या शेतात उभा होता. हातात लांब काठी, आणि काठीने तो बांधापासून बांधापर्यंतचं अंतर मोजत होता. विचारायचीसुद्धा गरज त्याला वाटली नाही. बुडालेल्या घराच्या दारात कोण विचारायला जातं? बायजाने अंगणातून त्याच्याकडे पाहिलं आणि मिरग्याच्या पाच फेऱ्या पुऱ्या केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिकाजीच्या घरून आरडाओरडा ऐकू आला. दिवसभर माचावर गारठ्यात बसल्याने म्हाताऱ्याचे दोन्ही गुडघे जे आखडले, ते उठू देईनात. परशू मदतीला धावला. विळा तापवून लाल करून आणला आणि म्हणाला, "अण्णा, गारठा सांध्यात बसलाय, डाग देतो." साऱ्या वाडीच्या कातडीवर डाग उठवणाऱ्या भिकाजीने तो लाल विळा आपल्या गुडघ्यापाशी आलेला पाहिला आणि असा ओरडला की परशूच्या हातून विळा पडला. लखूच्या कुत्र्याला डाग सोसायचा, भिकाजीच्या गुडघ्याला नाही.

थोड्या वेळाने फुला बायजाच्या दारात उभी. आज हसू नव्हतं. "अक्का, मामांजी उठंनात. तुजा कुत्रा रोज सकाळी अंगणात चालतुया, समदी बगत्यात. ती पिशवी जरा..."

"पिशवी कुत्र्याची हाय, फुले."

"व्हय. ठावं हाय."

"मग कुत्र्याच्या दाराशी या. ती कुणाच्या घरी जात न्हाई," बायजा म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं तेव्हा झोळी आली. बांबूला पुढे उमाजी आणि परशू, मागे दोघे. बायजा आत मिरग्याच्या हाऱ्यापाशी बसली होती, पुढच्या डाव्या सांध्यावर पिशवी धरून. बाहेरून उमाजीने हाक मारली, "बायजे."

"कोण हाय?"

"आमी. भिकाजीअण्णास्नी आणलंय."

"कुणाच्या घरी आलासा?"

"तुज्याच की."

"हितं घर कुठं हाय?" ती आतूनच म्हणाली. आवाज चढवला नाही. "परवा मांडावर समद्या घरांची नावं घेतली. त्यात ह्ये न्हवतं. नसलेल्या घरात तुमी शेकणार कसं? हाक मारायचं काम ज्येचं हाय त्येनं मारावी. मांडावर मारत्यात तशी."

परशूने बांबू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "वैनी, म्हातारं माणूस हाय," तो म्हणाला. धुकं कौलारावरून टपटप गळत होतं. भिकाजीने झोळीतून परशूकडे पाहिलं, मग उमाजीकडे. दोघांपैकी एकाने तरी नाही म्हणावं आणि आपली सुटका व्हावी, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. दोघंही जमिनीकडे बघत राहिले. गुडघ्यातून कळ आली तसा म्हाताऱ्याने बांबूला धरून अंग सावरलं, छाती भरून घेतली आणि मांडावर पुकारतो तसं पुकारलं.

"घर लखूचं, वाटा मिरग्याचा."

ओढ्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. घराघरांतून माणसं बाहेर आली. सगळ्या वाडीने ऐकलं, आणि ज्याच्या काठीने शेत मोजलं होतं त्याने ते खांद्यावर ओझं घेऊन ऐकलं. आत बायजाचे हात थांबले होते. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, तिथून पिशवीवर पडलं. मिरग्याने मान उचलून तिच्याकडे पाहिलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि पिशवी त्याच्या मागच्या सांध्याकडे नेली.

"ऐकलं," ती म्हणाली. "थांबा जरा. त्येचं दोन पाय ऱ्हायल्यात अजून."